पावसाळ्यात जुनी मोटरबोट घ्यायचीय? बेळगावकडच्या लोकांसाठी थोडं सविस्तर

हिडकलच्या बॅकवॉटरला ज्यांची शेती आहे, नाहीतर कृष्णाकाठी अंकली, मांजरी, कुडचीकडं ज्यांचे मळे पलीकडच्या काठाला पडलेत, अशी माणसं दर पावसाळ्यात एकच विचारतात, जुनी छोटी मोटरबोट कुठं मिळेल आणि कितीला पडेल. कितीला ते मी सांगत नाही, भाव बोटीगणिक बदलतो. पण कधी घ्यायची, काय बघायचं आणि पैसे कसे द्यायचे ते सांगतो, त्यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्याकडं बोटींचा बाजार असा नाहीच. बाजार घाटाखाली, मालवण-वेंगुर्ल्याला, गोव्यात नाहीतर कारवारला. ह्या पट्ट्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांचं पण पावसाळ्यात बंद, बोटी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या. मालकाला ह्या दिवसात कमाई काही नाही, वर दुरुस्ती, पोरांच्या शाळेच्या फिया, कर्जाचा हप्ता. म्हणून जूनच्या शेवटापासून नारळी पौर्णिमेच्या आधीपर्यंत माणूस भावात खाली येतो, नारळ पाण्यात पडला की परत ताठ होतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावर दहा एचपीपर्यंतच्या होड्यांना बंदीतनं सूट असते, त्यामुळं तिथं छोटं मशीन (कोकणात बोटीच्या इंजिनाला मशीनच म्हणतात) असलेली होडी स्वस्तात सुटेल अशी फार आशा धरू नका, मोठ्या मशीनवाल्या बोटीत घासाघीस जास्त चालते.

पण त्याआधी एक प्रश्न, चालवणार कुठं? हे न ठरवता बोट आणून अंगणात उलटी घालून ठेवलेली माणसं मला माहीत आहेत. राकसकोपचा तर विषयच काढू नका, ते बेळगावचं पिण्याचं पाणी आहे. हिडकल, नवीलुतीर्थ ही धरणं नीरावरी निगमकडं (कर्नाटकचं पाटबंधारे महामंडळ), तिथं मशीनची बोट घालायची तर आधी त्यांची परवानगी, आणि मासे धरायचे असतील तर मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते वेगळं बघायचं. कृष्णेत बॅरेजमुळं पाणी अडलेलं असतं तोवर बरं, उन्हाळ्यात काही पट्ट्यात मशीनचा पंखा खडकाला लागेल इतकं पाणी उतरतं. आणि पूर आला की ही बोट बाहेर काढायचीच नाही, २०१९ ला कृष्णाकाठानं काय बघितलं ते आठवा, वाहत्या पाण्यातनं झाडं येतात, तिथं पंधरा एचपीचं मशीन काय करणार.

आता बोट बघायची कशी. साधारण बारा ते सोळा फुटाची फायबरची होडी आणि मागं टांगायचं आऊटबोर्ड मशीन असं धरून चालतो.

फायबरला लोक रंग बघून भुलतात. रंग काय, चतुर्थीच्या आधी कुणी पण मारतो. तुम्ही खिशातनं पाच रुपयाचं नाणं काढा आणि बुडापासून काठापर्यंत ठोकत जा. टणटण आवाज आला तर थर एकमेकाला चिकटून आहेत, मध्येच भद् असा बसका आवाज आला तर तिथं थर सुटलेत नाहीतर आत पाणी मुरलंय, तेवढ्या जागेला खडूनं गोल करून ठेवा, सगळं ठोकून झाल्यावर गोल किती ते मालकाच्या समोरच दिसतं आणि भावाचं बोलणं सोपं होतं. जेलकोटवर (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) कोळिष्टकासारख्या बारीक भेगा असतात, त्या सरसकट वाईट नसतात, पण नाकाजवळ, बुडाच्या कण्यावर किंवा मागच्या कोपऱ्यात लांब भेग असेल आणि नख अडकत असेल तर सोडून द्या.

मागची फळी, जिच्यावर मशीन टांगतात, ती नीट बघा. वरनं फायबर दिसतं पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, आणि स्क्रूच्या भोकातनं पाणी जाऊन ते आतल्या आत कुजतं. मशीन टांगलेलं असेल तर त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोरात दाबा आणि नजर फळीवर ठेवा. फळी हलली, चिरकली, स्क्रूभोवती तपकिरी पाणी दिसलं तर फळी गेली. ही दुरुस्ती होते पण महाग होते, आणि पावसाळी हवेत रेझिन (फायबरचे थर चिकटवायचा रस) नीट सुकत पण नाही, म्हणजे दसऱ्यापर्यंत बोट तुमच्या दारात. बनाना राईडला नाहीतर पॅरासेलिंगला ओढणाऱ्या बोटींच्या फळीला आणि दोर बांधायच्या कड्यांना भरपूर ताण बसलेला असतो, तिथं दुप्पट बघायचं.

तळात फोम भरलेली बोट असेल तर एक युक्ती आहे. फोमनं पाणी प्यायलं की बोट दिसायला तशीच पण वजनाला भारी. गाडीत घातल्यावर वाटेत कुठला पण वजनकाटा गाठा, रिकाम्या गाडीचं वजन आधीच करून ठेवा, फरक काढा. बोट कुणी बनवली ते माहीत असेल तर त्या मॉडेलचं वजन विचारून घ्या, पन्नास-साठ किलो जास्त भरलं तर ते पाणी आहे. ऊसपट्ट्यातल्या माणसाला काट्यावरचं राजकारण मी काय शिकवणार.

मशीनवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा, पैसा पण तिथंच असतो. यामाहा, सुझुकी, तोहात्सू जास्त दिसतात, जुनी बहुतेक टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची). जायच्या आधी फोनवर सांगा, मामा, मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. पोचल्यावर पहिलं झाकण काढून हात लावून बघा, गरम असेल तर गरम करून ठेवायचं कारण विचारा. थंड मशीन दोन-चार ओढीत चालू व्हायला पाहिजे. चालू करताना मशीनचा पाय पाण्यानं भरलेल्या पिंपात असला पाहिजे, कोरडं कधीच नाही, आत पाणी खेचायला रबराचा इम्पेलर असतो आणि तो कोरडा फिरला की अर्ध्या मिनिटात पण जळू शकतो. जो मालक तुमच्या समोर कोरडंच ओढून दाखवतो त्यानं आजवर कसं वापरलं असेल ते समजून घ्या. चालू झाल्यावर बाजूच्या भोकातनं पाण्याची सणसणीत धार यायला पाहिजे. नुसती ठिबकत असेल तर इम्पेलर गेलाय (हा खर्च छोटा) नाहीतर आत मीठ साचून वाटा बंद झाल्यात (हा मोठा).

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं गेज गावातल्या बाईक मेकॅनिककडं असतं, मागून घेऊन जा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा, एकमेकात दहा टक्क्याच्या आसपास फरक चालतो, एक सिलिंडर फारच खाली असेल तर तिथनंच परत. मग खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घ्या. काळपट असेल तर चालतंय. दुधाळ, चहासारखं दिसलं तर सील गेलंय आणि पाणी आत गेलंय, त्यात चमचम दिसली तर दातेच झिजलेत. न्यूट्रलमध्ये पंखा हातानं फिरवून शाफ्ट डगमगतो का तेही बघा.

विकणारे एक वाक्य हमखास बोलतात, गोड्या पाण्यात चाललेलं मशीन हा. झाकणाखालचे बोल्ट बघा, पांढरी भुकटी, फुगलेला रंग, मुंड्या खाल्लेले स्क्रू दिसले की पाणी किती गोड होतं ते कळतं. झाकणावरच्या स्टिकरवर पण जाऊ नका, यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ९.९ आणि १५ एकाच ब्लॉकवर येतात, झाकण बदललं की झालं. बसवायच्या ब्रॅकेटवरचा मॉडेल आणि सिरीयल नंबर बघा, फोटो काढा. तो नंबर घासलेला असेल तर चर्चाच नको.

मशीन वेगळं आणि होडी वेगळी घेणार असाल तर टेप न्या. मशीनचा पाय पंधरा इंची आणि वीस इंची अशा दोन मापात येतात, मागच्या फळीच्या उंचीशी जुळलं पाहिजे. आखूड पाय उंच फळीवर बसवला तर पंखा हवाच कापतो, लांब पाय बुटक्या फळीवर घातला तर बोट जड चालते आणि कृष्णेच्या उथळ पाण्यात आधी पंखाच तुटतो.

कागद. इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ चा आहे, १९१७ चा जुना गेला. त्यात मशीनच्या बोटीला सर्व्हे, नोंदणी, विमा हे सगळं येतं. कोकणातली बोट मासेमारीची म्हणून नोंदलेली असेल तर ती नोंदणी आणि आपल्याकडच्या नदी-धरणाची नोंदणी एक नव्हे, आणि मासेमारीचं लायसन बोटीबरोबर मिळत नाही. बोटीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, मशीनचा नंबर कागदावर आहे का, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, सरकारी सबसिडीत घेतलेली आहे का हे विचारा, सबसिडीतली बोट विकायला अट असू शकते, त्या खात्याकडनंच लेखी घ्या. मशीनचं मूळ बिल मागा, बिनबिलाची बाहेरनं आलेली मशीनं फिरत असतात, बिल नसेल तर सोडलेलं बरं. आणि आपल्याकडची ऑफिसं कन्नडमध्ये कागद मागतात, वाचता येत नसेल तर एखाद्या अण्णाला बरोबर घ्या, लाजायचं काय त्यात.

आता पैसे. पावसाळ्यात बोट स्वस्त मिळते ती फुकटची नाही. समुद्र खवळलेला, वर बंदी, त्यामुळं बोट पाण्यात घालून बघता येत नाही, आणि पिंपातलं मशीन कधी खोटं पडत नाही. लोड आल्यावर गिअर सटकतो, दोन माणसं घेऊन फुल रेसला मशीन तापतं, हे पिंपात दिसणारच नाही. खाडीत चालवून दाखव म्हणून मालकाला भरीला पाडू नका, तो नियम मोडतो आणि जीव तुमचा जातो. त्यापेक्षा व्यवहार तीन भागात करा. बघितल्यावर थोडा इसार, उचलताना बरीचशी रक्कम, आणि उरलेले, साधारण पाचवा हिस्सा, पाण्यात लोडवर चालवून झाल्यावर. स्टॅम्प पेपरवर तारीख घाला, की अमुक दिवसात ट्रायल घेणार, नाही घेतली तर पैसे देणार, आणि गिअर किंवा कूलिंग निकामी निघालं तर तेवढी रक्कम दुरुस्तीत वळती. ज्याला आपल्या मशीनचा भरवसा आहे तो थोडी कुरकुर करून तयार होतो. मुळीच नाही म्हणाला तर तेवढी रक्कम भावातनं कमी करून मागा, म्हणजे दुरुस्तीची तजवीज तुमच्याकडं राहते.

आणताना आंबोलीनं चंदगड-शिनोळी करून या नाहीतर चोर्ल्यानं, घाटाची त्या दिवसाची अवस्था आधी विचारून. छोटा हत्ती पुरत नाही, मागं बाहेर लोंबकळलेला माल पोलिसाला पण चालत नाही, लांब हौद्याची गाडी घ्या. बुडाखाली जुने टायर घाला, पट्टे काठावरनं करकचून आवळू नका. मशीन काढून वेगळं आणा, पेट्रोल रिकामं करून, शक्यतो उभं, आणि फोर-स्ट्रोक असेल तर कुठल्या कुशीवर झोपवायचं ते मालकाला विचारूनच, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

निघायच्या आधी तिथंच दुकानातनं इम्पेलर किट, गिअर ऑइल, प्लग आणि पेट्रोलची नवी नळी घ्या. टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल ओतून द्या, इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं. टू-स्ट्रोकला बहुतेक ठिकाणी पन्नासाला एक, म्हणजे लिटरला वीस मिली ऑइल, पण मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय तेच खरं. शाफ्ट, बुश, पंख्याचं वेल्डिंग अशी कामं बेळगावच्या उद्यमबागेत चांगली होतात. इम्पेलर मात्र इथं शोधत बसाल तर आठवडा जाईल, म्हणून दोन घ्या.