पावसाळ्याआधीचा पाण्याचा वर्ग: तयारीची यादी

पाण्यात बुडू नये आणि बुडणाऱ्याला कसं वाचवावं, हे शिकवणारा हा वर्ग. शनिवारी ठाण्यात नव्या प्रशिक्षकांचा सराव, रविवारी मुलांचा वर्ग. सगळ्यात आधी बुडणाऱ्याकडे फेकायला तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन गोळा करायचे, झाकणासकट. प्रत्येकात पेलाभर पाणी हवंच, नाहीतर कॅन वाऱ्याने भरकटतो आणि नेम चुकतो. कॅनच्या मुठीला दहा-बारा मीटर दोरी बांधायची. दोरी जाड घ्या, बारीक दोरी ओल्या हाताला कापते. मागच्या वेळी एका प्रशिक्षकाने कॅन झकास लांब फेकला आणि त्याच्यामागून अख्खी दोरीही पाण्यात गेली. तेव्हा दोरीचं दुसरं टोक पायाखाली दाबूनच कॅन फेकायचा, प्रत्येकाने वीस-वीस वेळा. कॅन बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे पडला पाहिजे, म्हणजे दोरी त्याच्या खांद्यावर येते.

सीपीआरचा, म्हणजे तोंडाने श्वास आणि छातीवर दाब देण्याच्या सरावाचा, पुतळा आदल्या दिवशीच स्पिरिटने पुसून ठेवा. बुडालेल्याला हवा मिळालेली नसते, म्हणून आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब, मिनिटाला 100 ते 120. पोट दाबून पाणी काढणं, मुलाला उलटं धरून गरगरा फिरवणं आपल्याकडे अजून चालतं. त्यात मोलाची मिनिटं जातात, हे पालकांनाही निक्षून सांगा.

वर्गाला सहा वर्षांपुढची मुलं. संमतीपत्रावर फिट्स आणि दम्याची विचारणा करायला विसरू नका. प्रत्येकाने जुना गणवेश आणायचा, कारण तलावात पडणारं मूल पोहायच्या कपड्यांत नसतं. भिजलेली पँट पायांना कशी ओढते ते उथळ पाण्यात कळू दे, मग उताणं तरंगायला शिकवा.

उपवन तलाव, येऊरचे ओढे, खारघरचा पांडवकडा धबधबा, नवी मुंबईतल्या धारण तलावांचा (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांचा) गाळ: मुलांना ठाऊक असलेल्याच जागा बोला. डोंगरात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. मित्र पडला तर उडी मारायची नाही. ओरडायचं, हाताला लागेल ते फेकायचं, 112 ला फोन करायचा. आधी जमिनीवर सतरंजी टाकून हे नाटक करून घ्या. घरी रांगणारं भावंड असेल तर भरलेली बादली उघडी ठेवायची नाही, हेही त्यांच्याकडून वदवून घ्या.

काठावर एक जण फक्त मुलं मोजायला. त्याच्याकडे शिट्टी असेल, मोबाइल नसेल. बुडणारं मूल बहुतेक वेळा हाक मारत नाही, ते नजरेनेच टिपावं लागतं. बाहेर येताना मुलांच्या जोड्या लावून मोजा. आकडा जुळेपर्यंत कुणीही कपडे बदलायला जायचं नाही.