जांभळी नाक्यावर सकाळी फोटो काढायचे असतील तर

ठाण्यात फोटो काढण्यासारखं आहेच काय, तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, झाली की संपलं, असं खूप जण म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. तलावपाळीवरून कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूने जांभळी नाक्याच्या बाजाराकडे वळा, तेवढा पट्टासुद्धा वर्षभर पुरतो.

सूर्य उगवल्यावरचे पहिले दोन तास गाठा. ऊन तिरकं असतं, दोन बिल्डिंगच्या मधून रस्त्यावर एखादीच तिरीप येते, बाकी सगळी सावली. माणसांच्या मागे फिरू नका, आधी ती तिरीप शोधा आणि तिथेच उभे राहा. हमाल येईल, डोक्यावर पाटी घेतलेली बाई येईल, देवळात निघालेलं कोणी येईल, येतंच कोणी ना कोणी, फक्त वीस मिनिटं थांबायची तयारी पाहिजे आणि नेमके इथेच बहुतेक जण कंटाळून निघून जातात.

मोबाईलवर त्या उन्हावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, लॉक होतं, मग ब्राइटनेस थोडा खाली आणा. नाहीतर फोन सावली उजळायला जातो आणि उन्हातला चेहरा पांढराफटक होतो. सावली काळी झाली तर होऊ दे, मागच्या वायरी आणि बोर्ड आपोआप झाकले जातात. झूम नको, दोन पावलं पुढे जा. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 8, शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) ऑटो, बस.

फुलवाल्यांकडे मात्र वेगळीच मजा. झेंडूच्या ढिगावर ऊन पडलं की हार ओवणाऱ्याच्या हनुवटीवर खालून केशरी उजेड येतो, एकदा दिसला ना की मग दर वेळी दिसतो. पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात, तेव्हा ज्याचं तोंड मोकळ्या रस्त्याकडे आहे असा माणूस बघा.

आणि विचारायचं. गर्दीचं ठीक आहे, पण एकाच माणसाचा जवळून काढायचा तर आधी 'दादा, एक काढू का' म्हणा, नाही म्हणाले तर नाही, आणि लहान मुलांचे आईवडिलांना विचारल्याशिवाय नकोच. विचारलं की लोक पोझ देतात, तो काढा, दाखवा आणि तिथेच रेंगाळा, पाच मिनिटांत ते कामाला लागतात आणि मग हवा तो फोटो मिळतो. मी चांगले आलेले प्रिंट करून पुढच्या रविवारी नेऊन देते. भाजीवाल्या एका मावशींनी त्यांचा गल्ल्याच्या डब्यावर चिकटवलाय, आता मला बघितलं की त्याच सांगतात, आज लिंबाच्या गाडीवर ऊन चांगलं आलंय.