थायरॉइडची गोळी चालू आहे? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे, थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक) ११ च्या वर, म्हणजे जास्त, आणि फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉइड संप्रेरक) मात्र अगदी व्यवस्थित, असे विसंगत आकडे आले, तेव्हा घरात एकाने गोळी वाढवायला सांगितली आणि दुसऱ्याने लॅबलाच दोष दिला. खोदून विचारल्यावर कळले की लग्नघरात तीन आठवडे गोळ्या बऱ्याचदा राहून गेल्या होत्या, आणि तपासणी ठरल्यावर चार दिवस त्या नेमाने घेऊन, त्या दिवशीही सहाला गोळी घेऊनच मावशी नऊला रक्त द्यायला गेली होती.

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची ही गोळी, घेतल्यावर दोन ते चार तासांत फ्री टी-४ तात्पुरते वर जाते. टीएसएच मात्र संथ असते आणि नव्या डोसवर स्थिरावायला त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून मावशीच्या रिपोर्टमधले टी-४ ताज्या गोळ्यांचे होते आणि टीएसएच चुकलेल्या आठवड्यांचे. अशा वेळी डोस न बदलता सहा आठवडे नेमाने गोळी घेऊन पुन्हा तपासावे, आणि रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी द्यावे.

दुसरी चूक तपासणीच्या कितीतरी आधी, न्याहारीच्या वेळी होते. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, म्हणजे ती नीट शोषली जाते. पण इंदुरात पोहे-जिलबी आणि दुधाचा चहा उजाडताच समोर येतात, आणि तो तास हळूहळू दहा मिनिटांवर येतो. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या आणि ही गोळी यांच्यात तर चार तासांचे अंतर हवे. काही डॉक्टर रात्री, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घ्यायला सांगतात, पण सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उशिरा खाणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन हे जीवनसत्त्व अधिक फसवे असते. मोठ्या डोसमध्ये ते अनेक लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दाखवते, त्यामुळे डोस योग्य असूनही तो जास्त झाल्यासारखा वाटतो आणि उगाच कमी केला जातो. डॉक्टरांना सांगून ते तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवावे.

गरोदरपणात सहा आठवडे थांबू नये. पहिल्या निम्म्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी होते. टीएसएच तयार करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजारामुळे गोळी चालू असेल, तर टीएसएच नॉर्मल दिसले तरी त्यावर विसंबता येत नाही, डोस फ्री टी-४ वरूनच ठरतो.