काकूंनी मान फिरवली तेव्हा ‘अव्हर्शन’ कळलं

मराठी माध्यमातून शिकून लोअर परळला एका गुंतवणूक सल्ला देणाऱ्या कंपनीत लागलो. ‘अव्हर्शन’ म्हणजे तिटकारा, एवढं वहीत लिहून ठेवलेलं होतं. तेवढ्यावर भागत नाही, हे पहिल्याच महिन्यात लक्षात आलं.

गिरगावात एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो होतो. शेअर बाजाराचं नाव काढताच काकूंनी कप बशीत ठेवला आणि मान खिडकीकडे फिरवली. “ते सोडून दुसरं बोल, बाळा.” परत येऊन मी अहवालात लिहिलं, ‘क्लायंट इज अ‍ॅडव्हर्स टू रिस्क’. आमच्या मॅडमनी ‘अ‍ॅडव्हर्स’ला लाल पेनाने गोल केला.

‘अ‍ॅडव्हर्स’ आणि तिथे हवा असलेला ‘अव्हर्स’, दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये, ‘वळणे’ या क्रियापदात आहे. अ‍ॅडव्हर्स म्हणजे समोरून आपल्यावर आलेलं, प्रतिकूल: हवामान, निकाल, औषधाचा दुष्परिणाम. अव्हर्स म्हणजे तोंड फिरवलेला माणूस. अव्हर्शन हे त्याचं नाम. काकूंची ती मान आठवली की माझा आजही गोंधळ होत नाही. म्हणूनच अव्हर्शनला ‘द्वेष’ म्हणणं मला पटत नाही. द्वेष करणारा दुसऱ्याच्या वाईटावर टपलेला असतो, अव्हर्शन असलेला फक्त लांब राहतो.

अव्हर्शन या शब्दापुढे ‘टू’ येतो आणि त्यानंतर नाम किंवा ‘आयएनजी’चं रूप. ‘अव्हर्शन टू बॉरोइंग’ बरोबर, ‘टू बॉरो’ चूक. मराठी माध्यमातली आपण बहुतेक मुलं इथेच अडखळतो.

या क्षेत्रात यायचं असेल तर ‘लॉस अव्हर्शन’ नीट समजून घ्याच. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 च्या निबंधात मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं असतं. पडलेला शेअर विकायला लोकांचा हात का धजत नाही, ते यातून बरंचसं उलगडतं. अशा माणसाला भित्रा म्हणू नका. त्याचं ऐकून घ्या.

आणखी एक. ईमेलमध्ये ‘नॉट अव्हर्स टू’ दिसलं तर नकार समजू नका. त्याचा अर्थ ‘चालेल की’. तीन महिन्यांनी काकूंनीच सरकारी रोख्यांबद्दल विचारलं, तेव्हा मी अहवालात तेच शब्द लिहिले.