घोट्याला टेप बांधताय? या चुका टाळा

थंडी पडली की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर नवे धावणारे येतात आणि त्यांच्या घोट्यांवर निळ्या-गुलाबी टेपा. का लावली विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, एनर्जी वाचते."

कुठून वाचणार? पाऊल टेकताना टाचेमागची अकिलीसची जाड शीर ताणली जाते आणि पाऊल उचलताना तो ताण परत देते. बचत होते ती तिथे. कडक पांढरी टेप घोट्याची हालचाल आवळण्यासाठीच असते; ती धडधाकट पायाला कशाला? एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा आत वळू नये, एवढंच तिचं काम. तेही अर्ध्या तासाच्या पळण्यात बरंच सैल पडतं. रंगीत लवचीक टेप तर घोटा धरूनही ठेवत नाही.

दुसरी चूक, पाय लोंबकळत ठेवून बांधणं. आमच्या ग्रुपमधला एक पोरगा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मुरगळलेला. पठ्ठ्याने बाइकवर बसल्या बसल्या, पंजा खाली झुकलेला असताना, व्हिडिओ बघून खसाखसा वेढे ओढले. अंडररॅप, म्हणजे टेपेखाली गुंडाळायची पातळ फोमची पट्टी, नाही, काही नाही. त्र्यंबक रोडला लागलो आणि हा लंगडायला लागला. बूट काढला तर बोटं पांढरीफटक, टाचेवर चुणीखाली टरटरून फोड. शेवटी टपरीवाल्याने दुधाच्या पिशव्या कापायची कात्री दिली. टेपेबरोबर पायाचे केसही निघाले, ते वेगळंच.

मी पाय टेबलावर ठेवतो, टाच कडेबाहेर. पंजाला टॉवेल अडकवून तो नडगीशी काटकोनात ओढून धरायला लावतो. आधी अंडररॅप, मग 38 मिलिमीटरची झिंक ऑक्साइड टेप, म्हणजे तीच कडक पांढरी. पट्टी आतल्या बाजूने टाचेखालून बाहेर वर ओढायची, कारण पाय बहुतेकदा आत वळतो. झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. दोन सेकंदांत रंग परतला नाही तर सगळं काढून पुन्हा. घाई असेल तर बांधूच नका.

तेल लावलेल्या पायावर टेप टिकत नाही.

शर्यतीच्या सकाळी पहिला प्रयोग नको.

घोटा खरंच बळकट करायचा तर दात घासताना एका पायावर उभं राहा, जिन्याच्या कडेवर टाचा वर-खाली करा. महिनोन्‌महिने. हे सांगितलं की लोक मोबाइल बघायला लागतात.

आणि सुजलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर टेप ठेवा बाजूला, एक्स-रे काढा.