महिला बराकीत पहिल्यांदा जाताय? मग तो रकाना कोराच ठेवा

लीगल एडच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या कामासाठी जेलात आत जाणार असाल तर आधीच सांगते, फॉर्मवर 'पूर्वी लैंगिक अत्याचार झाला का' असा रकाना असला तरी पहिल्या भेटीत तो भरायला जाऊ नका. बाई पटकन 'नाही' म्हणते आणि ते 'नाही' फाईलीत कायमचं बसतं.

पहिल्या दिवशी फक्त पुढची तारीख कधी, वकील भेटला का, घरचं कोण येतं एवढंच बोला. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईसोबत आत असू शकतं, ते मांडीवर असेल तर बाकी काही काढूच नका, त्यांना सगळं कळतं. आणि शिपाईबाईंना जरा लांब थांबायची विनंती करा, दिसेल पण ऐकू येणार नाही इतकं.

मग ते आडवाटेनं येतं. एक ताई तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "झडती म्हटलं की आदल्या रात्री झोप नाय लागत." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी 'का' विचारलं नाही, गप्प बसले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "घरातलाच होता."

अशा वेळी 'तेव्हाच का नाही सांगितलं' हे तोंडातून निघता कामा नये. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्दही देऊ नका, कारण अत्याचार अठराच्या आतल्या मुलावर होत असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवायचं. बाकी काय लिहू, वकिलाला काय सांगू, ते त्यांनाच विचारा. वकिलाला कळलं तर फायदा असतो बरं का, मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या खुनाची केस असेल तर जामिनाला, शिक्षेच्या वेळी ते मांडता येतं. वकीलच नसेल तर 15100 ही लीगल एडची हेल्पलाइन आहे, बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

लॉकअपमध्ये काही झालं असेल तर तारीख, वेळ, जागा त्यांच्याच शब्दात लिहा. 1982 मध्ये पत्रकार शीला बरसे मुंबईच्या जेलात 15 जणींशी बोलल्या, त्यातल्या पाच जणींनी लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं, त्यावरूनच 1983 मध्ये सुप्रीम कोर्टानं महिला लॉकअपवर महिला शिपाईच हव्यात असं बजावलं. कोर्टात पहिल्यांदा उभं करतात तेव्हा पोलिसांनी छळ केला का हे मॅजिस्ट्रेटनं स्वतः विचारायचं, हेही त्याच निकालात आहे. कुणी विचारलं का, ते ताईंना विचारून लिहून घ्या.

शेवटची पाच मिनिटं मात्र परत तारीख, डबा, लेकराची शाळा यावर या, कारण तुम्ही रिक्षा पकडून घरी जाणार आणि त्यांना तसंच उठून बराकीत सगळ्यांच्यात जाऊन बसायचंय.