ओढ्यात गाडी घालण्याआधी: पुण्याच्या फोर बाय फोरवाल्यांसाठी

पाऊस लागला की शनिवारी पहाटे मुळशी, वेल्हे, मावळाकडे थार आणि गुरखा या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाड्यांची रीघ लागते. गाडीला पाण्यातून जाता येतं, हे खरं. पण तिथून जायची मुभा आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो निघण्याआधीच सोडवायचा.

१. जागा कोणाची ते बघा. ओढा कोणाचाच नसतो, असं धरून चालणारे बरेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नदी-नाल्यांची पात्रं सरकारी मालकीची आहेत. काठावरची भातखाचरं शेतकऱ्याची. राखीव वनात घुसखोरी केली तर १९२७ चा वन अधिनियम लागतो. ताम्हिणी तर अभयारण्य आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्याला वन्यजीव कायदा अडवत नाही, पण रस्ता सोडून गाडी ओढ्यात उतरवली की परवानगी लागते. रस्ता टाळायला नदीत गाडी घालणंही महागात पडतं: डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलमधल्या लाहौलला ट्रॅफिक चुकवण्यासाठी एकाने चंद्रा नदीतून गाडी काढली, आणि पोलिसांनी मोटार वाहन कायद्याखाली चलन फाडलं.

२. ताजा आदेश वाचा. जुलै २०२४ मध्ये, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पर्यटक वाहून गेल्याच्या दुर्घटनेनंतर, पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश निघाले होते. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

३. गावात विचारा. "इथं उतार आहे का? ट्रॅक्टर जातो का?" एवढं विचारलं की पुरे. गावकरी नको म्हणाले तर वाद घालायचा नाही. पाणंद जिथे पाण्यात उतरून समोर वर निघते, तिथूनच आणि सरळ आडवं पार करायचं. पात्रातून लांबवर गाडी पळवणं मला तरी निव्वळ नासधूस वाटते. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्यात चढतात, त्यालाच वलगण म्हणतात. नेमक्या त्याच गोट्या-वाळूवरून आपले टायर जातात. शिवाय खालच्या अंगाला गावाचा पाणवठा असू शकतो.

४. पाणी मोजा. थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर, नव्या गुरख्याची ७००. हे आकडे वाहत्या पाण्याला लावू नका. जोराचा प्रवाह असेल तर ३० सेंटिमीटर पाणीही लहान गाडी ढकलतं, ६० सेंटिमीटर एसयूव्हीसुद्धा वाहून नेऊ शकतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. पाणी गढूळ झालंय, काटक्या वाहून येतायत, तळ दिसत नाही, किंवा फरशी पुलावरून पाणी चाललंय: यातलं एक जरी दिसलं तरी गाडी वळवा. धरणाखालच्या पात्रात डोक्यावर ऊन असलं तरी भरवसा नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की शहरात थेंब नसतानाही भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

५. पार करताना. एका वेळी एकच गाडी. पहिली पलीकडे चढेपर्यंत दुसरीने थांबायचं. काचा खाली. फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारी रेंज), पहिला किंवा दुसरा गिअर, आणि मध्येच गिअर बदलायचा नाही. चालत्या माणसाइतका वेग ठेवला की बंपरपुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्यामागे बॉनेटखाली पाणी कमी राहतं. रीलसाठी उडवलेले फवारे मात्र थेट एअर इनटेकपर्यंत, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिथपर्यंत पोचतात.

गाडी पाण्यातच बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. माणसं सुखरूप बाहेर काढा, मग ट्रॅक्टर बोलवा.

६. बाहेर आल्यावर. थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालवा, म्हणजे ते वाळतात. ओढ्यात गाडी धुवायची नाही: चिखलाबरोबर ऑइल, ग्रीसही पाण्यात जातं, आणि प्रवाहात प्रदूषण करणारं काही सोडायला १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २४ ने बंदी आहे. पुण्यात परतल्यावर गॅरेजमध्ये डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल बघायला सांगा. चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय; ते लगेच बदलून घ्या.